पडद्यावरची अक्षरे

डभोई हे बडोद्यापासून सुमारे ३० किलोमीटरवर वसलेले जुने गाव. तटाचे दरवाजे, आणि त्यांतही कोरीव कामाने नटलेली हिरा भागोळ, ही त्याची ख्याती. गायकवाडांच्या अमदानीत नोकरीचाकरीच्या निमित्ताने कित्येक मराठी कुटुंबे बडोदे संस्थानात आली आणि पुढे तेथलीच होऊन राहिली. अशाच एका परिचित कुटुंबाकडे काही दिवसांपूर्वी डभोईस जाण्याचा योग आला. तेथे जे पाहिले ते वाचकांना सांगावे, आणि त्या निमित्ताने एका उपयुक्त विद्येची माहितीही द्यावी, या हेतूने हा लेख लिहीत आहे.

त्या घरातील आजींनी ऐंशी वर्षे ओलांडली आहेत. दृष्टी शाबूत आहे. चष्मा लावून त्या आजही मराठी मजकूर वाचतात. श्रवणशक्ती मात्र पार गेली आहे. कानाला लावण्याचे यंत्र आणले होते, परंतु त्याने केवळ गलबला वाढतो, शब्द उमटत नाहीत. आजोबांना जाऊन तीन वर्षे झाली. त्यांच्या शेवटच्या दिवाळीत मुलाने मोबाईलवर त्यांची वीस मिनिटांची चित्रफीत घेतली होती. तीत आजोबा आपले बालपण, जुने घर, डभोईची छोटी गाडी यांविषयी मोकळेपणाने बोलत आहेत. घरातील सर्वांनी ती अनेकदा पाहिली. आजी मात्र ती लावू देत नसत. मी कारण विचारले तेव्हा त्या म्हणाल्या, “फादर, हे समोर दिसतात, ओठ हलतात, आणि काय म्हणतात ते मला कळत नाही. मग पाहून काय करू?”

या प्रश्नास काय उत्तर द्यावे हे मला क्षणभर सुचेना. उत्तर त्यांच्या नातवाने दिले, तेही बोलून नव्हे, करून. ते कसे, हे सांगण्यापूर्वी थोडे मागे जावयास हवे.

मूकपट गेला आणि दार लागले

पडद्यावर अक्षरे दाखविण्याची कल्पना काही आजची नव्हे. दादासाहेब फाळके यांनी १९१३ साली ‘राजा हरिश्चंद्र’ हा मूकपट लोकांपुढे आणला. (दादासाहेबांचे कलाशिक्षण बडोद्याच्या कलाभवनात झाले होते, ही गोष्ट बडोदेकर आजही अभिमानाने सांगतात.) त्या चित्रपटात ध्वनी नव्हता, म्हणून मधूनमधून अक्षरांच्या पाट्या दाखवून कथा सांगितली जाई. वाचता येणारा प्रेक्षक शेजारच्या निरक्षराला त्या पाट्या वाचून दाखवी. अशा खेळात कर्णबधिर मनुष्य इतरांच्या बरोबरीने बसत असे. किंबहुना तेथे त्याचे काही उणे नव्हतेच.

पुढे १९३१ साली ‘आलम आरा’ आला, १९३२ साली ‘अयोध्येचा राजा’ आला, आणि पडदा बोलू लागला. सर्वत्र आनंदीआनंद झाला. परंतु ज्यांना ऐकू येत नव्हते त्यांच्यासाठी त्याच दिवशी दार लागले, याची फारशी कोणाला जाणीवही झाली नाही. पाट्या गेल्या, कारण आता त्यांची गरज उरली नाही, असे ऐकणाऱ्यांनी ठरविले!

अमेरिकेत हेच घडले. तेथे एमर्सन रोमेरो नावाचा एक कर्णबधिर नट मूकपटांत कामे करीत असे. बोलपट येताच त्याचे काम गेले. तो निराश होऊन बसला नाही. १९४७ साली त्याने जुने बोलपट मिळवून त्यांत पुन्हा अक्षरांच्या पाट्या घातल्या, आणि आपल्या कर्णबधिर बांधवांना ते दाखविण्याची व्यवस्था केली. पद्धत ओबडधोबड होती. दर पाटीगणिक चित्र थांबे. परंतु प्रयत्नाला वाट मिळाली. पुढे १९७२ साली अमेरिकेतील बोस्टनच्या दूरदर्शन केंद्राने एका पाककृतींच्या कार्यक्रमाखाली अक्षरे छापून दाखविली, आणि १९८० सालच्या मार्चमध्ये अशी अक्षरे नियमाने प्रक्षेपित होऊ लागली, की जी केवळ हवी त्याच्याच पडद्यावर यावीत, इतरांना दिसू नयेत.

येथे दोन शब्दांतील भेद ध्यानी घ्यावा. परभाषेतील संभाषणाचा अनुवाद चित्राखाली देतात, त्यास आपण सबटायटल किंवा उपशीर्षक म्हणतो. ते ऐकू येते पण भाषा समजत नाही, अशांसाठी असते. ‘क्लोज्ड कॅप्शन’ म्हणतात तो प्रकार ऐकू न येणाऱ्यांसाठी असतो. त्यात बोललेला शब्द तर लिहितातच, शिवाय दार वाजले, बाळ रडले, दूरवर घंटा झाली, हेही कंसात लिहून दाखवितात. आणि ही अक्षरे पाहणाऱ्याच्या इच्छेनुसार लावता वा काढता येतात.

अहमदाबादेतून निघालेली कल्पना

अनुवाद नाही, केवळ बोललेले तेच शब्द, त्याच भाषेत, चित्राखाली लिहावयाचे, याचा आणखी एक मोठा उपयोग आहे. तो दाखवून देण्याचे श्रेय आपल्या शेजारच्या अहमदाबादेस जाते.

ब्रिज कोठारी हे अमेरिकेतील कॉर्नेल विद्यापीठात शिकत असताना मित्रांसमवेत एक स्पॅनिश चित्रपट पाहत होते. खाली इंग्रजी अक्षरे होती. कोठारी स्पॅनिश शिकत होते. त्यांच्या मनात आले की इंग्रजीऐवजी स्पॅनिशच अक्षरे असती तर ती भाषा किती लवकर आली असती! मग त्यांना हिंदुस्थानातील चित्रपटगीतांची आठवण झाली. आपल्या देशात कोट्यवधी माणसे अशी आहेत, की जी कागदोपत्री साक्षर आहेत, सही करतात, बसवरील पाटी अडखळत वाचतात, परंतु वर्तमानपत्र हाती घेत नाहीत. गाणी मात्र त्यांना तोंडपाठ असतात. त्या गाण्यांखाली त्याच भाषेत शब्द लिहिले, आणि गायक जो शब्द म्हणेल तो शब्द त्याच क्षणी रंग बदलेल अशी योजना केली, तर न कळत वाचनाचा सराव होणार नाही काय?

अहमदाबादच्या भारतीय प्रबंध संस्थेत आल्यावर त्यांनी या कल्पनेचे प्रयोग केले, आणि १९९९ साली गुजराती दूरदर्शनच्या ‘चित्रगीत’ या कार्यक्रमात चित्रपटगीतांखाली गुजराती अक्षरे झळकली. २००२ साली हीच पद्धत ‘चित्रहार’ या देशभर पाहिल्या जाणाऱ्या हिंदी कार्यक्रमात आली, व मागाहून ‘रंगोली’तही. पुढे झी टॉकीज या वाहिनीवरील मराठी चित्रपटांनाही मराठी अक्षरे लाभली. अभ्यासकांना असे आढळले, की अक्षरे समोर असली की डोळा त्यांजकडे जातोच; अडखळत वाचणाराही टाळू म्हणता टाळू शकत नाही. शाळेत पाठ्यपुस्तक मिटून ठेवता येते, परंतु आवडत्या गाण्याखालच्या ओळीपासून सुटका नाही!

बडोदे संस्थानाच्या मातीत ही कल्पना परकी नाही, हेही नमूद केले पाहिजे. महाराजा सयाजीराव गायकवाड यांनी १९०६ साली सबंध राज्यात प्राथमिक शिक्षण सक्तीचे व मोफत केले. १९१० साली त्यांनी बॉर्डन नावाच्या अमेरिकन ग्रंथपालास बोलावून गावोगावी ग्रंथालयांची योजना आखविली, पेट्यांतून फिरती पुस्तके पाठविली. आणि ज्यांना वाचता येत नाही त्यांच्यासाठी ग्रंथालय खात्यातूनच चित्रे व चलच्चित्रे दाखविण्याची सोय केली. पुस्तक एका हाती व चित्र दुसऱ्या हाती, असा तो विचार होता. चित्राखालची अक्षरे या दोहोंस एकत्र आणतात.

आपल्या सीमेपलीकडील मराठी घरांना तर या अक्षरांची निकड अधिकच आहे. डभोईच्या त्या घरातील नातू आठवीत आहे. घरी अस्खलित मराठी बोलतो, शाळा गुजराती. गुजराती लिपीस शिरोरेषा नाही. हिंदी विषयामुळे देवनागरी अक्षरे त्यास परिचित आहेत, परंतु सलग मराठी परिच्छेद त्याने आयुष्यात वाचलेला नाही. आजी वाचते पण तिला ऐकू येत नाही. नातू ऐकतो पण त्याला वाचता येत नाही. एकाच भाषेची दोन अर्धी दोघांपाशी पडून होती.

अक्षरे कशी घालावीत?

आता ही कृती कशी करावयाची ते सांगतो. यास मोठे भांडवल लागत नाही. एक साधा संगणक आणि एक विनामूल्य सॉफ्टवेअर पुरते. ‘सबटायटल एडिट’ व ‘एजिसब’ ही अशी दोन सॉफ्टवेअर असून ती कोणासही मोफत उतरवून घेता येतात. चित्रफीत यूट्यूबवर चढविलेली असेल तर तेथील ‘स्टुडिओ’ या विभागातही अक्षरे लिहिता येतात.

अक्षरांची धारिका ही मुळात अगदी साधी वस्तू असते. तिला एसआरटी म्हणतात. तीत प्रत्येक ओळीसाठी चार गोष्टी असतात: प्रथम अनुक्रमांक, त्याखाली ती ओळ कोणत्या क्षणी यावी व कोणत्या क्षणी जावी याची वेळ, तास, मिनिट, सेकंद व सेकंदाचा हजारावा भाग अशा रीतीने, त्याखाली प्रत्यक्ष मजकूर, आणि शेवटी एक रिकामी ओळ. अनुक्रमांक व वेळ यांचे आकडे इंग्रजी अंकांतच लिहावेत, अन्यथा यंत्रास ते उमगत नाहीत. मजकूर युनिकोड देवनागरीत टंकलिखित करावा. जुन्या छापखानी टंकांत लिहिलेला मजकूर येथे निरर्थक चिन्हांचा ढीग होऊन बसतो. धारिका जतन करताना ‘यूटीएफ-८’ हा पर्याय निवडावा. चित्रफितीचे व या धारिकेचे नाव एकच ठेवून दोन्ही एकाच ठिकाणी ठेवल्या, तर व्हीएलसीसारखा प्लेअर अक्षरे आपोआप उचलतो.

काही नियम अनुभवाने ठरले आहेत. एका वेळी दोनांपेक्षा अधिक ओळी नसाव्यात. एका ओळीत सुमारे चाळीस अक्षरांपलीकडे जाऊ नये. ओळ किमान एक सेकंद दिसावी, व सात सेकंदांपेक्षा अधिक रेंगाळू नये. वृद्धांसाठी वा नवशिक्यांसाठी करावयाचे असेल तर थोडा अधिक अवधी द्यावा. वाक्य तोडावयाचे झाल्यास अर्थाच्या जागी तोडावे. ‘घराच्या’ एका ओळीत आणि ‘मागे’ पुढच्या ओळीत असे करू नये. दोघे बोलत असतील तर कोण बोलतो ते कळू द्यावे. आणि मुख्य म्हणजे बोलणाऱ्याचे शब्द बदलू नयेत. त्याची बोली ही त्याची बोली. ती शुद्ध करण्याचा अधिकार आपणास नाही.

अलीकडे यंत्र स्वतःच आवाज ऐकून मसुदा तयार करते. त्याचे कौतुक करावे तेवढे थोडे. परंतु त्यावर भिस्त ठेवू नये. माझीच फजिती सांगतो. आमच्या धर्मग्रामाच्या सणाच्या मिस्सेची चित्रफीत परगावच्या कुटुंबांसाठी पाठवावयाची होती. यंत्राने लिहिलेली अक्षरे मी न वाचता तशीच पाठविली. प्रवचनात मी जेथे जेथे ‘कृपा’ म्हटले होते, तेथे तेथे यंत्राने ‘कृपया’ लिहिले होते! एका आजोबांनी मला विचारले, “फादर, तुम्ही देवाजवळ इतक्या वेळा कृपया कशासाठी म्हणत होता?” हसू आले, पण लाजही वाटली. ज्याला ऐकू येते तो अशी चूक ओळखून सोडून देतो. ज्याला ऐकू येत नाही त्याच्यापुढे तर चुकीचा शब्द हाच बोललेला शब्द ठरतो. तेथून पुढे प्रत्येक ओळ मी स्वतः ऐकून तपासतो.

प्रमाण मराठीत ही स्थिती, तर वसईकडील कादोडीसारख्या बोलीत यंत्र काय गोंधळ घालील याची कल्पनाच करावी. डभोईच्याच इतिहासातील एक गोष्ट येथे आठवते. १८६२ साली मियागाम ते डभोई असा अरुंद रूळमार्ग टाकण्यात आला. परंतु आरंभी त्यावरील डबे ओढावयास बैल जुंपीत. रूळ आले, इंजिन मागाहून आले. आपल्या बोलींच्या बाबतीत आज तीच अवस्था आहे. इंजिनाची वाट पाहत थांबलो, तर ज्यांच्या तोंडी त्या बोली आहेत ती माणसे तोवर राहणार नाहीत. सध्या हे ओझे माणसांनीच ओढले पाहिजे.

हक्क आणि कर्तव्य

२०११ च्या जनगणनेत आपल्या देशात श्रवणदोष असलेल्यांची संख्या सुमारे ५० लाख नोंदविली गेली. वयोमानाने ऐकू कमी येणारी प्रत्येक घरातील वडीलधारी माणसे या मोजणीत आली असतील असे नाही. २०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क कायद्याने दूरदर्शनवरील कार्यक्रम खुणांच्या भाषेने अथवा उपशीर्षकांनी कर्णबधिरांस उपलब्ध व्हावेत हे तत्त्व मान्य केले. २०१९ सालच्या सप्टेंबरात केंद्र शासनाने वाहिन्यांसाठी त्याविषयीची मानके घालून दिली, आणि २०२४ सालच्या मार्चमध्ये चित्रपटगृहांसाठीही मार्गदर्शक सूत्रे जाहीर केली. कायदा झाला ही चांगली गोष्ट. परंतु कायदा वाहिन्यांना व चित्रपटगृहांना लागू आहे. आपल्या घरातील लग्नाच्या, बाप्तिस्म्याच्या, आजोबांच्या आठवणींच्या चित्रफितींना अक्षरे कोणते शासन घालणार? ते काम घरच्यांचेच.

आपल्या ख्रिस्तसभेत संत फ्रान्सिस द सेल्स यांना लेखक व पत्रकारांचे आश्रयदाते मानतात. कर्णबधिरांचेही आश्रयदाते तेच. १६०५ च्या सुमारास मार्टिन नावाच्या एका बहिऱ्या मनुष्यास त्यांनी खुणांनी धर्मशिक्षण दिले. लेखणी आणि बहिरे कान यांचे नाते असे जुने आहे. ज्याच्या हाती लेखणी आहे त्याने ज्याला ऐकू येत नाही त्याचे ऋण मानावे, एवढेच त्यातून घ्यावयाचे.

आता त्या नातवाची हकीकत पुरी करतो. त्याने आजोबांची चित्रफीत प्रथम यंत्राकडून लिहवून घेतली. यंत्राने घोळ घातला. मग तो स्वतः एकेक वाक्य थांबवून ऐकू लागला आणि वहीत लिहून आजींपुढे धरू लागला. ‘दुसऱ्या’ हा शब्द तो ‘दुसर्या’ असा लिही. आजी पेन्सिलीने दुरुस्त करीत. एके ठिकाणी आजोबा ‘परसातली विहीर’ म्हणाले होते. यंत्राने ‘फारशातली’ लिहिले, नातवाने ‘फरशीतली’ लिहिले. आजींनी ते वाचले आणि म्हणाल्या, “अरे, फरशी नव्हे, परस! घरामागची मोकळी जागा. तिथे विहीर होती, आणि लग्नानंतर पहिल्या दिवशी मी तिथेच कळशी बुडवली.” नातवाने ‘परस’ हा शब्द त्या दिवशी प्रथमच ऐकला. ती कळशीची गोष्ट तर त्याच्या वडिलांनाही ठाऊक नव्हती.

वीस मिनिटांच्या चित्रफितीस दोघांना तीन आठवडे लागले. मी गेलो त्या संध्याकाळी ती प्रथमच अक्षरांसह लावण्यात आली. आजी चष्मा पुसून अगदी पुढे बसल्या. आजोबा बोलू लागले, खाली ओळी उमटू लागल्या, आणि आजी त्या ओठांतल्या ओठांत वाचू लागल्या. मध्येच एका विनोदाला त्या हसल्या, सर्वांबरोबर, त्याच क्षणी. चित्रफीत संपल्यावर काही वेळ कोणी बोलले नाही. मग त्या नातवाकडे वळून एवढेच म्हणाल्या, “बाळ, पुन्हा लाव.”

तो मुलगा आता मराठी पुस्तक हाती घेऊन बसतो, असे त्याच्या आईने मला सांगितले. अडखळतो, पण वाचतो.

वाचकहो, आपल्या घरीही मोबाईलमध्ये अशा चित्रफिती पडून असतील, आणि कोपऱ्यात बसलेले एखादे माणूस असेल, की जे सर्वजण हसले म्हणजे कशाला हसले हे न कळता केवळ आपल्या तोंडाकडे पाहते. येत्या सुट्टीत घरातील मुलांस संगणकापुढे बसवा, आणि वडीलधाऱ्यांस त्यांच्या शेजारी. एक चित्रफीत निवडा. पाच मिनिटांची असली तरी चालेल. आवाजाची पारख मुले करतील, शब्दांची पारख वडीलधारी करतील. आरंभास इतके पुरे आहे.